आजोबा कोणत्या दिशेने पळाले?

जेवताना बोलू नये असं मोठी माणसं सांगतात, ते घशात घास अडकू नये म्हणून. माझ्या बाबतीत घराण्याची अब्रू अडकू नये म्हणून सांगायला हवं होतं.

त्या दिवशी आमचे व्याही जेवायला आले होते. माझ्या लेकीचे सासरे. निवृत्त कर्नल. त्यांच्या दिवाणखान्यात गणवेशातल्या पूर्वजांचे इतके फोटो आहेत की, पाहुण्याला बसावं की सावधान उभं राहावं ते कळत नाही. वडील, आजोबा, पणजोबा, सगळे मिशांसकट. स्वतः कर्नलसाहेबांची नोकरी दारूगोळ्याच्या कोठारावर गेली. त्यांनी आयुष्यात गोळी झाडलेली नाही, पण मोजल्या मात्र भरपूर.

तर कर्नलसाहेब म्हणाले, "व्याहीबुवा, नगरपालिकेच्या बागेत मोठा दगड उभा करतोय. त्या मोठ्या युद्धात आपल्या गावातून गेलेल्या सैनिकांची नावं कोरायची. समितीचा अध्यक्ष मीच. तुमच्याकडचं कुणी नसणार, म्हणून विचारलं नाही."

आता 'नसेल' म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. 'नसणार' म्हटल्यावर माझ्यातला कुलाभिमान ताडकन उठला. तो एरवी झोपलेलाच असतो.

"का नसणार? माझे आजोबा होते की!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि पलीकडे आत्याचा हात थांबला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदी ओलांडली आहे, कान शाबूत, दात अर्धे आणि जीभ पूर्ण. ती कर्नलसाहेबांना म्हणाली, "माझ्या बाबांचं नाव दगडावर लागेल?"

"पुरावा असेल तर जरूर लागेल, आत्याबाई. महिनाअखेर यादी बंद होते."

"बाळ आणेल पुरावा," आत्या म्हणाली आणि पुन्हा जेवू लागली.

बाळ म्हणजे मी. मला नातवंडं आहेत.

जेवणाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरातली एक रीत इथेच सांगून टाकतो. आमच्याकडे जेवायला 'चला' असं कुणी म्हणत नाही. आत्या मूठ तोंडापाशी धरते, चार वेळा खाकरते, दोन आखूड, एक लांब, पुन्हा एक आखूड, आणि मग एक चढती, ठसक्यात संपणारी चाल तोंडाने वाजवते. ती ऐकली की आमच्या घराण्यातला माणूस असेल तिथून धावत सुटतो. विचार करायला वेळ मिळत नाही. पाय परस्पर निघतात. ही हाक आजोबांची. दम्याने ते आधी खाकरायचे, म्हणून आम्हीही खाकरतो. वारसा म्हटला की तो खोकल्यासकट घ्यावा लागतो. लेकीच्या लग्नात, नोंदणी कचेरीत, आत्याने बाहेरच्या खोलीतून ही हाक दिली आणि नवरी सही अर्धी टाकून उठली. ती सही आजही अर्धीच आहे. त्याच दिवशी कर्नलसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आत्याबाईंचा घसा एकदा दाखवून घ्या. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत."

पाहुणे गेल्यावर आत्याने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाळ, शाळेत मला पळपुट्याची पोरगी म्हणायचे, माहीत आहे? चुलतघरच्यांनीच उठवलं होतं ते. मी तिघींच्या झिंज्या उपटल्या. आता हात थरथरतात रे. म्हणून दगड हवा."

मी "काही काळजी करू नकोस" म्हणालो. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाने पुढचे काही आठवडे काळजीशिवाय दुसरं काहीही केलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे आजोबांविषयी जे काही लेखी होतं, ते काकांचं टिपण. काका अत्यंत सावध गृहस्थ. 'बहुधा' हा शब्द त्यांनी आयुष्यभर छत्रीसारखा जवळ बाळगला. स्वतःच्या जन्मतारखेच्या मागेही त्यांनी 'बहुधा' लिहून ठेवलंय, आणि लग्नाच्या तारखेच्या पुढे 'असे ही म्हणते'. आजोबांवर त्यांनी लिहिलेलं सगळंच्या सगळं असं : 'बाबा बहुधा सैन्यात होते. नदीकाठच्या लढाईत बहुधा हजर असावेत. लढाईत त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. लढाई सुरू होताच ते सर्वांच्या आधी पळाले. त्यांना बहुधा दमा होता.'

म्हणजे बघा. ज्या दोन वाक्यांना 'बहुधा' लावला असता तर घराण्यावर उपकार झाले असते, नेमकी तीच दोन वाक्यं काकांनी ठणठणीत लिहून ठेवली. आणि पळाले, ठीक आहे. पण कोणत्या दिशेने? लढाईत दोनच दिशा असतात. काकांनी एकही लिहिली नव्हती.

"दम्याचा माणूस सर्वांच्या आधी पळतो म्हणजे कमाल आहे," बायको म्हणाली. तिने या प्रकरणात पहिल्यापासून माझ्या अब्रूला असाच हातभार लावला.

आता, आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट एका माणसाला सांगितली की ती जिन्याने वर चढते, आणि मग सल्ले जिन्याने खाली येतात. वरच्या मजल्यावरचे वकील आले. म्हणाले, "तुम्ही कशाला सिद्ध करता? आजोबा सैन्यात नव्हते हे विरुद्ध पक्षाला सिद्ध करू द्या."

"विरुद्ध पक्ष कोण?"

वकिलांनी विचार केला. "सध्या तरी तुमचे काकाच दिसतात."

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे वकिलांना खटला सोपा वाटत होता.

तळमजल्यावरच्या औषधवाल्यांचं म्हणणं, शौर्य रक्तात उतरतं. त्यांनी मला तीन जिने चढायला लावले, रक्तदाब मोजला, आकड्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "आजोबांचं राहू द्या. तुम्ही आधी मीठ कमी करा."

पण खरा घात केला तो आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी. हा माणूस अर्धं ऐकतो आणि पूर्ण फळ्यावर लिहितो. दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर मजकूर झळकला : 'आपल्या इमारतीत एक माजी सैनिक राहतात, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे.' खाली माझ्या खोलीचा क्रमांक. रखवालदार मला सलाम ठोकू लागला. समोरच्या बाई येताजाता "तुमच्यासारखी माणसं जागी होती म्हणून आम्ही झोपलो" असं म्हणायला लागल्या. मी कचेरीत बत्तीस वर्षं टेबलावर डोकं ठेवून झोपा काढल्या आहेत. पण प्रत्येकाला थांबवून मी सैनिक नाही असं सांगत सुटणं मला प्रशस्त वाटेना. थोडक्यात, मला ते आवडत होतं.

आवडीची शिक्षा लगेच मिळाली. गच्चीच्या दारावर गांधीलमाश्यांनी पोळं केलं. इमारतीची तातडीची सभा भरली आणि पोळं काढायचं कुणी, या प्रश्नावर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अहो, हे काम माहितगाराचं आहे." सेक्रेटरी म्हणाले, "ऐकलंत? साहेब स्वतः जाणार आहेत." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनी लगोलग आपापल्या खिडक्या लावून घेतल्या.

मी घोंगडी पांघरून, डोक्यावर पातेलं घालून, हातात लांब काठी घेऊन जिना चढलो. पुढच्या तपशिलात शिरत नाही. पोळं पडलं. मीही पडलो. एवढंच सांगतो की, त्या क्षणी सर्वांच्या आधी कोण पळालं आणि कोणत्या दिशेने, याबद्दल कुठल्याही इतिहासकाराला शंका राहू नये.

दुसऱ्या दिवशी सैनिकी नोंदींच्या कचेरीत माझी वेळ ठरली होती. मी नाक घेऊन गेलो. म्हणजे नाक पुढे आणि मागून मी.

खिडकीतल्या कारकुनाने माझं ओळखपत्र पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा ओळखपत्र पाहिलं.

"हे तुम्ही नाही."

"मीच आहे. गांधीलमाशी चावली आहे."

"फोटोत नाक लहान आहे."

"फोटो काढला तेव्हा चावली नव्हती."

"मग सूज उतरल्यावर या. नाहीतर हे नाक तुमचंच आहे असा डॉक्टरचा दाखला आणा."

मी डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "असा दाखला मी आजवर दिलेला नाही," आणि मग बराच वेळ हसून झाल्यावर दिला. मी परत खिडकीशी आलो. कारकुनाने दाखला शिक्का मारून घेतला आणि म्हणाला, "आता सैनिकाचं संमतीपत्र."

"कुठल्या सैनिकाचं?"

"ज्यांची माहिती हवी त्यांचं. परवानगीशिवाय कुणाची माहिती देता येत नाही. खाली त्यांची सही."

"अहो, ते माझे आजोबा आहेत! असते तर आज सव्वाशे वर्षांचे असते."

"वयाची अट नाही."

मृत असतील तर मृत्यूचा दाखला शेजारच्या खिडकीत द्यायचा, असं कळलं. शेजारच्या खिडकीतल्या बाई समजूतदार होत्या. फक्त त्या जेवायला गेल्या होत्या. मी बाकावर बसलो. शेजारी एक गृहस्थ आधीपासून बसलेले. मी विचारलं, "तुम्हालाही दाखला द्यायचा आहे?" ते म्हणाले, "नाही हो, मी इथला साहेब आहे. माझ्या खोलीची किल्ली यांच्याकडे असते."

अखेर बाई आल्या, साहेब खोलीत गेले आणि आतून एक उतारा आला. बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला आणि बाजारात भाजी दाखवावी तशा म्हणाल्या, "या नावाचे तीन आहेत. तुम्हाला कुठले हवेत?"

तिघेही आमच्याच भागातले. नाव तेच, वडिलांचं नावही तेच. आमच्याकडे नावांच्या बाबतीत कल्पनाशक्तीला कधी त्रास दिलेला नाही. पहिले कोठारात होते; घोंगड्या विकल्या म्हणून त्यांना घरी पाठवलं. (मी गच्चीवर पांघरलेली घोंगडी डोळ्यांपुढे येऊन गेली. ती कुठून आली होती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.) दुसरे सामान वाहणाऱ्या तुकडीत, शेरा : 'नदीकाठच्या लढाईच्या दिवशी जागा सोडून निघून गेला.' तिसरे एका पायदळ पलटणीत, बिगूलवाला, त्याच लढाईत हजर, शेवटी सन्मानाने निवृत्त.

घरी येईपर्यंत माझं नाक उतरलं होतं आणि चेहरा पडला होता. काकांच्या शब्दांशी पडताळून पाहिलं. नदीकाठची लढाई. हाती शस्त्र नाही. सामान वाहणाऱ्याच्या हाती कुठून असणार? सर्वांच्या आधी पळाले. दुसऱ्या नंबरचे आजोबा काकांच्या टिपणात मापाने शिवल्यासारखे बसत होते.

"तिसरे म्हणा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. "नाव तर एकच आहे ना?"

मला ते पटलं. पटण्यासारखं असलं की मला कुठलीही गोष्ट पटते. मी आत्याच्या खोलीत गेलो, तिला तिघांची हकीकत सांगितली आणि शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं, "मग आत्या, तिसरे म्हणू का?"

आत्या उशी झटकत होती, ती थांबली.

"म्हणू का म्हणजे? भाव करतोयस का? त्या दगडापाशी मी फूल ठेवायचं, आणि ते दुसऱ्याच कुणाचे बाबा निघाले तर? मी काय लोकांच्या बापाला फुलं वाहत फिरू?"

मी उतारा घडी घालून खिशात ठेवला.

"दुसरे असतील तर दुसरे म्हणून सांग," ती म्हणाली. "मी ऐकून घेईन. पण नीट बघून सांग."

मी खोलीबाहेर आलो. नीट बघण्यासारखं काहीच उरलं नव्हतं आणि महिना संपत आला होता.

शेवटच्या रविवारी कर्नलसाहेब माझ्या लेकीला आणि नातीला घेऊन पुन्हा जेवायला आले. दुसऱ्या दिवशी यादी बंद होणार होती. अनावरणाच्या दिवशी बिगूल वाजवायचा म्हणून सैन्यातले एक बँडमास्तर तालमीसाठी कर्नलसाहेबांकडे उतरले होते. त्यांनाही बरोबर आणलं होतं. बँडमास्तर भलतेच कडक. आल्या आल्या त्यांनी आमच्या दाराची घंटा बेसूर असल्याचं सांगितलं, बायकोच्या गुणगुणण्यात एक सूर चुकतोय हे दाखवून दिलं आणि मग हात धुवायला गेले. मी ठरवलं होतं, जेवणं झाली की कर्नलसाहेबांना बाजूला घ्यायचं, आमचं नाव मागे घ्यायचं आणि संध्याकाळी आत्याला सांगायचं. कर्नलसाहेबांनी माझा चेहरा ओळखला असावा. ते अतिशय प्रेमाने म्हणाले, "असू द्या हो, व्याहीबुवा. प्रत्येक घरात सैनिक असायलाच हवा असं कुठे आहे?"

यापेक्षा गांधीलमाशी परवडली.

तेवढ्यात बायकोने ताटं मांडली आणि आत्याने मूठ तोंडापाशी धरली. दोन आखूड, एक लांब, एक आखूड. आणि मग ती चढती चाल.

मी, लेक आणि नात तिघंही कुठून कुठून येऊन टेबलावर आदळलो. नेहमीप्रमाणे एक खुर्ची पडली. आणि मग लक्षात आलं की, बँडमास्तर न्हाणीघराच्या दारात उभे आहेत. हातांवरून पाणी ठिबकतंय, पाठ ताठ, टाचा जुळलेल्या.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

"पुन्हा कशाला?" आत्या म्हणाली. "एकदा बोलावलं की यायचं. गार होतंय."

"आजी, ते आधी काय केलंत? ते चार सूर?"

"सूर कसले? ते खाकरणं. माझ्या बाबांना दमा होता."

"बाबांना दमा नव्हता, आजी." बँडमास्तरांचा आवाजच बदलला होता. "ती पलटणीची खूण आहे. रणांगणावर दहा पलटणींचे बिगूल एकदम वाजतात. कुठली हाक आपली हे जवानाला कळणार कसं? म्हणून प्रत्येक पलटण हाकेच्या आधी आपले चार सूर लावते. हे सूर ज्या पलटणीचे, ती युद्धानंतर लगेच मोडली. तेव्हापासून ते कुणीही वाजवलेले नाहीत. मी ते फक्त आमच्या जुन्या स्वरलिपीत वाचलेत. ऐकले आज."

मी उतारा आणायला धावलो. खुर्ची दुसऱ्यांदा पडली. बँडमास्तरांनी तिसऱ्या आजोबांच्या पलटणीचा क्रमांक वाचला आणि कागद टेबलावर ठेवून त्यावर हात आपटला. "हीच!"

"पण काका लिहितात, हाती शस्त्र नव्हतं," मी म्हणालो. इतके दिवस वाईट बातमीची सवय झाली की माणसाला चांगली पचत नाही.

"बिगूलवाल्याच्या हाती बिगूल असतो."

"सर्वांच्या आधी पळाले!"

"मग? कप्तानाच्या शेजारी बिगूलवाला, दोघं सर्वांच्या पुढे. हाक दिली की पहिला धावतो तो तोच. मागे उभं राहून 'पुढे व्हा' म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?"

या वाक्यानंतर कर्नलसाहेब बराच वेळ पाणी पीत होते.

"आणि त्या चार सुरांनंतरची चाल?" लेकीने विचारलं. "ती जेवणाची ना?"

बँडमास्तरांनी आम्हा सगळ्यांकडे, मग पडलेल्या खुर्चीकडे पाहिलं. "जेवणाची? ती हल्ल्याची आहे."

नात आधी हसली, मग आम्ही सगळेच. चार पिढ्या आम्ही जेवायला बसत नव्हतो. जेवणावर तुटून पडत होतो. घरात एकही ताट टवक्याशिवाय का नाही, याचा त्या क्षणी उलगडा झाला.

आत्या मात्र हसली नाही. ती मुठीकडे बघत होती.

"बाबा म्हणायचे," ती हळूच म्हणाली, "ही हाक ऐकून धावलेलं पोर परत आलं पाहिजे, आणि पोट भरून आलं पाहिजे. मला वाटायचं, आम्ही खेळायला लांब जातो म्हणून म्हणतात."

बँडमास्तरांनी खुर्ची उचलून सरळ केली आणि आत्याला बसवलं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कर्नलसाहेब अध्यक्ष होते, आणि अध्यक्षाला शंका नसेल तर तो अध्यक्ष कसला? "मला व्यक्तिशः पटलंय," ते म्हणाले, "पण समितीने स्वतः ऐकायला हवं. उद्या दुपारी, नगरपालिकेच्या सभागृहात."

ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि दुसऱ्या दिवशी सगळं खानदान सभागृहात हजर झालं. आतेभाऊ, भाचे, सुना, आत्याला पळपुट्याची पोरगी ठरवणाऱ्या चुलतघराचे आजचे वारससुद्धा. सभागृहाच्या एका टोकाला समिती बसलेली, मध्ये आम्ही, आणि दुसऱ्या टोकाला लांब टेबलावर सभेनंतरचा चहा आणि बिस्किटांच्या बश्या. ती मांडणी कुणी केली होती, ठाऊक नाही. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ती घोडचूक होती.

समितीतले एक प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "चाल काय, कुणीही कुठूनही शिकू शकतं. ही तुमच्या घरात चार पिढ्या आहे, याला आधार काय?"

वकील आमच्याबरोबर आले होते. ते हरकत घ्यायला उठले. त्यांना आत्याने खाली बसवलं. ती उभी राहिली, पदर खोचला, मूठ तोंडापाशी धरली.

दोन आखूड, एक लांब, एक आखूड. आणि चाल.

पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी धावत होतो. आम्ही सगळेच धावत होतो. साठीतला आतेभाऊ, कडेवर पोर असलेली सून, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला भाचा. चुलतघरचेही धावले, त्यांच्याही रक्तात ती हाक होती, फक्त त्यांना सांगितलं नव्हतं कुणी. खुर्च्या कोसळल्या. वकील पायदळी गेले. आम्ही भानावर आलो तेव्हा टेबल आमच्या ताब्यात होतं आणि माझ्या दोन्ही हातांत बिस्किटं होती.

सभागृहाच्या त्या टोकाला समिती जागेवरच थिजलेली होती. कर्नलसाहेब सावकाश उभे राहिले.

"इतकी वर्षं सैन्यात काढली," ते म्हणाले, "पण असा शिस्तबद्ध हल्ला पाहिला नव्हता. प्राध्यापक, आणखी आधार हवा आहे?"

"नको, नको," प्राध्यापक म्हणाले. "मला फक्त चहा हवा होता."

तो आता शिल्लक नव्हता.

चुलतघरच्यांतला सगळ्यांत थोरला आत्यापाशी आला. बराच वेळ चुळबुळला. मग म्हणाला, "आत्या, आमच्या आजीने त्या वेळी जे काही म्हटलं होतं..."

"जाऊ दे रे," आत्या म्हणाली. "तिच्याच झिंज्या उपटल्या होत्या मी. फिटलं तेव्हाच."

दगडाचं अनावरण झालं त्या सकाळी आम्ही पहिल्या रांगेत होतो. आमच्या इमारतीचा रखवालदारही आला होता; त्याने पुन्हा मला सलाम केला, आणि या खेपेला मी तो वारसाहक्काने स्वीकारला. नावं वाचली गेली. आजोबांचं नाव आलं, पुढे 'बिगूलवाला' असं स्वच्छ कोरलेलं. बँडमास्तरांनी मोडलेल्या त्या पलटणीचे चार सूर वाजवले, आणि मग हल्ल्याची हाक.

आमच्या अख्ख्या घराण्याचे पाय शिवशिवले. आतेभावाने माझा दंड घट्ट धरला, मी लेकीचा. पण जागचं कुणी हललं नाही. घराण्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

फक्त आत्या उठली. ती कुणाचाही हात न धरता दगडापर्यंत गेली, फूल ठेवलं, आणि त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग मूठ तोंडापाशी धरून अगदी हळू, जवळजवळ ऐकू येणार नाही अशी, तिने तीच हाक वाजवली.

"चला बाबा," ती म्हणाली. "ताटं वाढली आहेत."

मग वळून आमच्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात : "आणि तुम्ही काय पुतळे झालात का रे? मांडव तिकडे आहे!"

काकांच्या टिपणाखाली मोकळी जागा होती. पुढच्या पिढ्यांची माझ्यासारखी फरफट होऊ नये, म्हणून त्याच दिवशी मी तिथे माझ्या हाताने लिहून ठेवलं आहे : 'अनावरणानंतर आत्याची हाक होताच आमचे व्याही, निवृत्त कर्नल, सर्वांच्या आधी पळाले. दिशा : जेवणाच्या मांडवाकडे. हाती शस्त्र होते, चमचा. वरील मजकुरात बहुधा हा शब्द मुद्दाम वापरलेला नाही.'